विजेच्या गाडीचा दुसरा मालक

जून-जुलै 2024 मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या वर्तमानपत्रांत बिडकीनचं नाव सारखं झळकत होतं. एथर एनर्जीने तिथल्या ऑरिक औद्योगिक वसाहतीत 2 हजार कोटींहून जास्त गुंतवणूक करून वर्षाला 10 लाख स्कूटर बनवू शकेल असा कारखाना टाकायचं ठरवलं. जेएसडब्ल्यूच्या 27 हजार कोटींच्या इलेक्ट्रिक वाहन प्रकल्पाला राज्याच्या मंत्रिमंडळ उपसमितीने मान्यता दिली आणि 31 जुलैला टोयोटा-किर्लोस्करने सुमारे 20 हजार कोटींचा सामंजस्य करार केला. घोषणा आणि प्रत्यक्ष गाडी यांच्यात मराठवाड्यात बरंच अंतर असतं, हे आपल्याला ठाऊक आहे. लातूरचा रेल्वे डब्यांचा कारखाना 2018 च्या भूमिपूजनानंतर झपाट्याने उभा राहिला, आणि मग कामाची वाट बघत बसला. तरी यातलं अर्धं जरी खरं झालं तरी पुढच्या दहा वर्षांत देशातल्या विजेच्या गाड्यांचा मोठा वाटा आपल्या पैठण तालुक्याच्या वेशीवरून बाहेर पडेल.

गाड्या बनवणारे हात आपले असतील. त्या चालवणारे कोण असतील, हे मात्र या घोषणांमध्ये कुठे नव्हतं.

मी विजेच्या गाडीच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण पुण्या-मुंबईत ज्या कारणासाठी तिची भलामण होते ते कारण आपल्याकडे चालत नाही. हवा खराब आहे म्हणून हिंगोलीचा माणूस गाडी बदलणार नाही. तो बदलेल पेट्रोलपायी. परभणीतलं पेट्रोल राज्यात सगळ्यात महाग, ही बातमी 2018 मध्ये आली, 2021 मध्ये पुन्हा आली, आणि त्यामागचं कारण अगदी साधं होतं. परभणीला इंधन येतं मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून, तीनशेच्या वर किलोमीटरवरून, आणि टँकरचं भाडं लिटरच्या भावात मिसळतं. केंद्राचं उत्पादन शुल्क, राज्याचा व्हॅट आणि वर हे भाडं. दूर राहण्याचाही कर परभणीकर प्रत्येक लिटरमागे भरत आलाय.

आता हिशेब करू. जिंतूर किंवा वसमतच्या आसपासचा एखादा दूधवाला रोज चाळीस किलोमीटर फिरतो. लिटरला पन्नासचं अ‍ॅव्हरेज धरलं तर महिन्याला चोवीस लिटर, म्हणजे आजच्या भावाने अडीच हजार रुपये. तेवढंच अंतर विजेच्या स्कूटरला साधारण 35-40 युनिटमध्ये कापता येतं. घरगुती दराने ते चारशे-साडेचारशेच्या पुढे जात नाही. इथे एक खोच आहे, ती कंपनीच्या जाहिरातीत नसते. महावितरणचे दर टप्प्यांचे आहेत, शंभर युनिटपर्यंत स्वस्त आणि त्यानंतर चढे. ज्याचं बिल आजवर ऐंशी-नव्वद युनिटवर थांबत होतं त्याचं स्कूटरमुळे वरच्या टप्प्यात जातं. तरीही महिन्याला दोन हजार वाचतात. वर्षाला चोवीस-पंचवीस हजार. कोरडवाहू सोयाबीनचा एक एकर सगळा खर्च वजा जाता कित्येक वर्षी एवढे देत नाही.

मग हा दूधवाला विजेची गाडी का घेत नाही? कारण तो नवी गाडीच घेत नाही.

मराठवाड्यात मोटारसायकलचा प्रवास ठरलेला आहे. नवी गाडी निघते संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरच्या शोरूममधून. घेणारा मास्तर असतो, बँकेतला असतो, वाळूजमध्ये कायम झालेला कामगार असतो. पाच-सहा वर्षांनी ती तालुक्याला जाते, एखाद्या किराणा दुकानदाराकडे किंवा एलआयसी एजंटाकडे. अजून पाच वर्षांनी गावात. शेवटी ती असते सालगड्याकडे, गवंड्याकडे, ऊसतोडीहून परतलेल्या मुकादमाकडे; मागच्या बाजूला दुधाचे कॅन लटकवायला लोखंडी पट्ट्या मारलेल्या, नंबरप्लेट अर्धी तुटलेली, आणि कागदपत्रं तिसऱ्याच कुणाच्या तरी नावावर. पंधरा वर्षांची झालेली ही गाडी चालते कारण तिचं काहीही बिघडलं तरी ते हजार-दोन हजारांत दुरुस्त होतं. आपल्याकडे गरिबाच्या हाती गाडी आली ती सरकारच्या कुठल्या योजनेमुळे नाही, या उताराच्या बाजारामुळे आली.

विजेची गाडी नेमकी इथे अडखळते. तिच्या किमतीचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग बॅटरीचा असतो आणि बॅटरी वयानुसार थकते. किती थकली हे बाहेरून बघून कळत नाही. पेट्रोलची गाडी घेताना गावातला जाणता माणूस इंजिनचा आवाज ऐकतो, सायलेन्सरचा धूर बघतो, किक मारताना कॉम्प्रेशन पायाला जाणवतं का ते तपासतो, आणि मग भाव पाडतो. विजेच्या गाडीत यातलं काहीच चालत नाही. ती सहा वर्षांची असो की सहा महिन्यांची, तेवढ्याच गुपचूप पळते. काही कंपन्या आता आठ वर्षांपर्यंत बॅटरीची वॉरंटी देतात, ही चांगली गोष्ट आहे. पण नववं वर्ष आपल्याकडे गाडीच्या आयुष्याची संध्याकाळ नसते, ते तिसऱ्या मालकाचं पहिलं वर्ष असतं. त्या वर्षी बॅटरी गेली तर नवीची किंमत अख्ख्या जुन्या गाडीपेक्षा जास्त. असा सौदा कोण करेल?

म्हणजे पहिल्या मालकाला वर्षाला पंचवीस हजारांची बचत, आणि तिसऱ्याच्या हाती यायला गाडीच शिल्लक नाही. शहरातला पगारदार पेट्रोलच्या करातून सुटणार आणि तो कर भरत राहणार गावातला जुन्या गाडीवाला. सरकारचं इंधनातलं उत्पन्न घटलं की उरलेल्यांवरचा बोजा वाढवण्याचा मोह कुणाही अर्थमंत्र्याला होईल. या बदलाबद्दल माझी सगळ्यात मोठी भीती हीच आहे. भारनियमन किंवा चार्जिंग स्टेशन यांच्याबद्दल जेवढं बोललं जातं त्याचा दहावा हिस्साही जुन्या गाड्यांच्या बाजाराबद्दल बोललं जात नाही.

गॅरेजचा विषय याला लागूनच येतो.

तालुक्याच्या कुठल्याही गावी बसस्टँडच्या बाहेर पडलं की ओळीने गॅरेज लागतात. ऑईलने काळी झालेली जमीन, टायरांची उतरंड, टेपवर गाणं लावलेलं आणि उकिडवं बसून कुणीतरी हेड उघडतोय. इथे शिकायला प्रवेशपरीक्षा नाही, डोनेशन नाही, दाखल्यावरची जात कुणी विचारत नाही. आठवी-नववीत शाळा सुटलेलं पोर उस्तादाच्या हाताखाली पाने देत देत दोन-चार वर्षांत इंजिन बांधायला शिकतं आणि पुढे स्वतःची टपरी टाकतं. मराठवाड्यातल्या मुस्लिम आणि दलित घरांतल्या कितीतरी मुलांसाठी ही एकच शिडी उघडी राहिली. दुसरी शिडी लातूर-नांदेडच्या नीट-जेईईच्या क्लासमधून जाते आणि तिची पहिली पायरीच लाखाच्या घरात आहे.

विजेच्या गाडीला पिस्टन नाही, प्लग नाही, कार्बोरेटर नाही, क्लच प्लेट नाही, टायमिंग चेन नाही, ऑईल बदलायचं नाही. उस्तादाच्या गल्ल्यात येणारा निम्म्याहून जास्त पैसा याच कामांचा. उरतात टायर, ब्रेक, बेअरिंग आणि शॉकअप. बाकी जे बिघडतं ते कंट्रोलरमध्ये किंवा बॅटरीच्या आतल्या सर्किटमध्ये, आणि त्याच्यापर्यंत पोचायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. सेलूत बंद पडलेली स्कूटर टेम्पोत टाकून परभणीला किंवा थेट संभाजीनगरला नेल्याशिवाय तिला काय झालंय हेसुद्धा कळत नाही, अशी वेळ लोकांवर येते. सर्व्हिस सेंटरमध्ये पार्ट येईपर्यंत महिना जातो. दूधवाल्याला एक दिवस चालत नाही.

यावर ठरलेलं उत्तर असतं: मेकॅनिकना प्रशिक्षण द्या. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिक व्हेईकल मेकॅनिकचा ट्रेड सुरू झालाय, तो चांगलाच आहे. पण मला वाटतं आपण चुकीच्या दुकानाकडे बघतोय. मराठवाड्याच्या प्रत्येक बाजारपेठेत "मोटार भरून मिळेल" अशी पाटी असते. विहिरीवरच्या आणि बोअरच्या जळालेल्या मोटारी भरून भरून या लोकांच्या हाताला तांब्याच्या तारेचा, फेजचा, स्टार्टरचा अभ्यास झालेला आहे. महावितरणच्या व्होल्टेजने त्यांना जेवढा सराव दिला तेवढा कुठल्याही कॉलेजने दिला नसता. त्याच रांगेत चार दुकानं सोडून मोबाईल दुरुस्त करणारा असतो, जो भिंग लावून बोर्डवरचा भाताच्या शितापेक्षा लहान भाग काढतो आणि बसवतो. मोटार भरणारा आणि मोबाईलवाला, या दोघांना एका टेबलावर बसवलं की विजेच्या गाडीचा मिस्त्री तयार होतो. कौशल्य गावात आहेच. नाही ती परवानगी: कंपनीने सर्किटचा आराखडा आणि दोष शोधायची साधनं बाहेरच्या दुरुस्तीवाल्याला दिली पाहिजेत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, वर्षअखेरीस पोर्टलही उघडलं. त्यात वाहनांचं क्षेत्रही आहे. कायदा मात्र झाला नाही. बिडकीनमध्ये सवलतीची जमीन आणि करात सूट देताना राज्य सरकारला ही अट घालता आली असती. आजही घालता येईल.

बॅटरी उघडणं धोक्याचं असतं, हे खरं आहे. मार्च-एप्रिल 2022 मध्ये देशभर स्कूटर पेटल्याच्या बातम्या आल्या आणि त्यानंतर सुरक्षेचे निकष कडक झाले. मे महिन्यात परभणी-नांदेडचा पारा चव्वेचाळीसच्या आसपास असतो, त्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये गाडी चार्जिंगला लावायची तर बॅटरी कुठल्या जातीची आहे याने फरक पडतो. लोह-फॉस्फेटची बॅटरी उष्णता जास्त सोसते, तिचं वजन थोडं जास्त असतं. आपल्या भागात तीच विकली जावी असं माझं मत आहे, मग रेंज पाच-दहा किलोमीटरने कमी मिळाली तरी चालेल. पण धोका आहे म्हणून मिस्त्रीला दूर ठेवायचं, हा युक्तिवाद मला पटत नाही. गॅसची टाकी घराघरात पोचली ती दुरुस्तीवाल्याला घाबरवून नाही, शिकवून.

विजेकडे वळू. गावात विजेच्या गाडीचा विषय काढला की पहिला प्रश्न येतो, "लाईट तरी ऱ्हाती का?" 2005 नंतरच्या काळातलं बारा-बारा तासांचं भारनियमन ज्यांनी भोगलंय त्यांना हा प्रश्न पडणारच. परिस्थिती तेव्हाइतकी वाईट राहिलेली नाही. गावठाणाचं फीडर शेतीच्या फीडरपासून बऱ्याच ठिकाणी वेगळं झाल्यामुळे घरात वीज असते, शेतात ती पाळीने येते. अडचण आहे ती डीपीची, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरची. स्कूटरचा चार्जर साधारण सातशे-आठशे वॅटचा, म्हणजे एक एचपीची मोटार चालू ठेवल्यासारखं. आधीच वीजचोरीच्या आकड्यांनी वाकलेल्या डीपीवर रात्री आठ वाजता अशा वीस मोटारी एकदम चालू झाल्या तर काय होईल, हे सांगायला वायरमन लागत नाही. आणि डीपी जळाली की वर्गणी गोळा करणं, ट्रॅक्टर ठरवणं, ती भरून आणण्यासाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवणं, हे सगळं गावानेच करायचं असतं. शहरात गाडीला चार्जर बसवून देणारी कंपनी तुमचा मीटर तपासते. गावात डीपीची क्षमता कोण तपासणार?

ती वीज येते कुठून, हेही परळीकरांना विचारायला हवं. परळीचं औष्णिक केंद्र 1971 पासून धूर ओकतंय. जुने संच निवृत्त झाले, आता अडीचशे मेगावॅटचे तीन आहेत. 2013 च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून हे केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. राखेने भरलेल्या टिप्परांनी परळी परिसरातल्या रस्त्यांचं आणि फुफ्फुसांचं काय केलंय ते तिथे एकदा जाऊन बघावं. पुण्याच्या कोथरूडमध्ये निःशब्द धावणाऱ्या गाडीचा धूर कुठेतरी निघतोच, आणि त्या कुठेतरीमध्ये मराठवाडा येतो. धाराशिव-बीडच्या माळावर पवनचक्क्या आल्या, सोलर आले; त्यांच्यासोबत जमिनीची दलाली आणि खंडणी आली. डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला, त्याच्या मुळाशी ऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीचा वाद असल्याचं तपास यंत्रणेने आरोपपत्रात म्हटलं. स्वच्छ ऊर्जा म्हणून जी काही आहे ती अशा जमिनीवर उभी राहते.

पण याच विजेच्या बाबतीत गावाला शहरापेक्षा एक सोय जास्त आहे आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही. शहरातली गाडी दिवसभर ऑफिसखाली उभी असते आणि रात्री घरी चार्ज होते. गावातली गाडी सकाळी दूध घालून, मुलांना शाळेत सोडून, मोंढ्यात जाऊन अकरा-बारापर्यंत दारात परत येते आणि चारपर्यंत झाडाखाली असते. नेमकी सूर्य डोक्यावर असतानाची वेळ. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून उपकेंद्रांच्या आसपास जे सौर प्रकल्प उभे राहताहेत ते शेतीला दिवसा वीज देण्यासाठी आहेत. त्यांची वीज पावसाळ्यात आणि पिकाला पाणी नको असतं त्या दिवसांत मोकळी असते. दुपारच्या चार तासांसाठी गावठाणाला अर्धा दर लावला तर डीपीवरचा रात्रीचा ताण टळेल आणि परळीचा कोळसाही वाचेल. यासाठी नवं धोरण नको, दरपत्रकात एक ओळ पुरेशी आहे.

वाळूजच्या कामगारांचं काय, हा प्रश्न यात सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्याची उत्तरं सगळ्यात सैल दिली जातात. बजाज ऑटोने 1985 मध्ये वाळूजमध्ये कारखाना सुरू केला तेव्हापासून त्याच्याभोवती शेकडो लहान कारखाने वाढले: गिअर, क्लच, क्रँकशाफ्ट, सायलेन्सर, टाकी. संभाजीनगरात तीनचाकींची डिझेल इंजिनं बनली, शेंद्र्यात पर्किन्सची मोठी इंजिनं बनतात. हे शहर इंजिनावर उभं आहे असं म्हटलं तर चूक नाही. बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी आणि जोगेश्वरीच्या खोल्यांत चौघं-चौघं राहणारी बीड-जालना-हिंगोलीची पोरं या कारखान्यांत कंत्राटावर आहेत. त्यांना इलेक्ट्रिकमुळे कुणी काढणार नाही, कारण काढावं लागतच नाही. करार संपतो आणि नवा होत नाही. क्रँकशाफ्टवाल्या छोट्या कारखानदाराचंही तसंच. ऑर्डर बंद झाल्याचं पत्र येत नाही, फक्त दर तिमाहीला आकडा खाली येतो.

बिडकीन त्यांना सामावून घेईल का? काहींना नक्की. टोयोटाने आठ हजार थेट नोकऱ्यांचा आकडा दिलाय. पण इलेक्ट्रिक गाडीत जे मोलाचं आहे, म्हणजे बॅटरीचे सेल आणि मोटारीतली चुंबकं, ते मोठ्या प्रमाणात आजही चीनकडून येतं. एप्रिल 2025 मध्ये चीनने दुर्मिळ मूलद्रव्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर बंधनं आणली आणि काही महिन्यांतच आपल्याकडच्या दुचाकी कंपन्यांना उत्पादन कमी करायची वेळ आली. मनमाडच्या डेपोवर अवलंबून होतो, ते दूरच्या बंदरावर अवलंबून झालो. ज्या भागात एकरी 23 लाखांनी जमिनी गेल्या तिथल्या पोराला त्या जमिनीवरच्या कारखान्यात नुसता बोल्ट आवळायचं काम मिळणार असेल तर त्याला विकास म्हणण्यात मला संकोच वाटतो.

संभाजीनगरला गाड्यांची हौस आहे, त्याबद्दल वाद नाही. ऑक्टोबर 2010 मध्ये इथल्या उद्योजक-डॉक्टर मंडळींनी एकाच वेळी 150 मर्सिडीज घेतल्या आणि देशभर बातमी झाली. 2022 मध्ये त्याच शहरातल्या उद्योजकांनी तशीच एकगठ्ठा इलेक्ट्रिक कार खरेदीची मोहीम काढली. या बारा वर्षांत नळाला पाणी येण्यातलं अंतर मात्र कमी झालं नाही. दोन्ही खरेद्यांमधून शहराच्या श्रीमंतीची जाहिरात झाली. पर्यावरणाचा संबंध दुसऱ्या वेळी जोडला गेला एवढंच.

आणि सरकार नेमकी हीच हौस भागवतंय. राज्याच्या 2025 च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात समृद्धी महामार्गावर, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कार व बसना टोलमाफी आहे. 701 किलोमीटरच्या समृद्धीवर कोणाच्या गाड्या धावतात? तो महामार्ग जालना आणि संभाजीनगर जिल्ह्यांतून जातो, पण त्यावर दुचाकीला प्रवेशच नाही. म्हणजे ज्याच्याकडे पंधरा-वीस लाखांची कार आहे त्याचा टोल वाचला आणि ज्याच्याकडे जुनी मोटारसायकल आहे तो महामार्गाच्या भिंतीपलीकडे. दुचाकीवरची केंद्राची सबसिडी मात्र जून 2023 पासून टप्प्याटप्प्याने आटत गेली. वर सप्टेंबर 2025 मध्ये लहान पेट्रोल दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, त्यामुळे इलेक्ट्रिकच्या पाच टक्क्यांशी असलेलं अंतरही कमी झालं. पेट्रोल गाडी स्वस्त झाली याचा मला आनंदच आहे. पण कारला टोलमाफी आणि दुचाकीची सबसिडी कमी, हा क्रम उलटा आहे.

मला विचारलं तर यातला पहिला रुपया एसटीला जायला हवा. जून 2022 मध्ये पुणे-नगर मार्गावर शिवाई ही पहिली इलेक्ट्रिक बस धावली, पुढे ती संभाजीनगरलाही आली. त्यानंतर 5,150 इलेक्ट्रिक बस भाड्याने घ्यायचा करार झाला, आणि तो वेळेवर बस न आल्याने वादात सापडला. मराठवाड्यातल्या आगारांत उभ्या असलेल्या गाड्यांची अवस्था सगळ्यांना माहीत आहे. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून गंगाखेड-पालम-लोहा अशा मार्गांवर बायकांची गर्दी वाढली. माहेरी जाणं, दवाखान्यात जाणं, बाजारात स्वतः जाणं वाढलं. एक इलेक्ट्रिक एसटी रोज अडीचशे-तीनशे किलोमीटर धावते. तिच्यामुळे वाचणारं डिझेल आणि घराच्या पोर्चमध्ये दिवसातले बावीस तास उभ्या असलेल्या कारमुळे वाचणारं पेट्रोल यांची तुलनाच होत नाही. शिवाय एसटीची बॅटरी बदलायची चिंता तिसऱ्या मालकाला नसते.

बायकांचा विषय निघालाच आहे तर लातूर बघा. क्लासच्या वेळेला विजेच्या हलक्या स्कूटरवर मुली दिसतात. ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतल्या गाडीला लायसन्स लागत नाही, हे कारण आहेच. पण दुसरंही एक आहे, ज्याची मोजदाद कुणी करणार नाही. पेट्रोलच्या गाडीवर बाहेर पडायचं तर मुलीला, सुनेला आधी कुणाकडे तरी शंभर रुपये मागावे लागतात, आणि शंभर रुपये देणारा कुठे चाललीस ते विचारतो. चार्जिंगचा पैसा घराच्या बिलात मिसळतो. मागावा लागत नाही, सांगावा लागत नाही. बदल छोटा आहे. पण आपल्या समाजात बाईच्या बाहेर पडण्यावरचा पहारा बऱ्याचदा अशा शंभराच्या नोटेतूनच चालतो.

ऊस राहिला. आज पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलं जातं आणि त्या इथेनॉलवर कारखान्यांनी कर्जं काढून डिस्टिलऱ्या उभ्या केल्यात. सिल्लोड-कन्नडच्या मक्यालाही आता इथेनॉलचाच आधार वाटतो. पेट्रोलचा खप उतरणीला लागला की या सगळ्याचा पाया हलणार. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली तेव्हा किती आरडाओरड झाली ते आठवा. तो तर एका वर्षाचा प्रश्न होता. माझा अंदाज असा की मराठवाड्यात विजेच्या गाडीला खरा राजकीय विरोध पेट्रोलपंपवाल्यांकडून होणार नाही, तो साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांतून होईल, आणि तो शेतकऱ्याच्या नावाने होईल. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच पट्ट्यात आपण ऊस लावून इंजिनात जाळतोय. ऊस कमी करायचं धाडस कुठल्याही सरकारला झालं नाही. विजेच्या गाडीने ते बाजाराच्या मार्गाने झालं तर मला त्याचं दुःख होणार नाही. मात्र ऊसतोडीवर जाणाऱ्या बीडच्या लाखो माणसांनी तेव्हा काय करायचं, याचा विचार आजपासून हवा. त्यांच्यासाठी बिडकीनमध्ये जागा राखून ठेवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

तूर्त एक लहान मागणी. जुनी गाडी नावावर करताना आरटीओत फॉर्म 29 आणि फॉर्म 30 भरावे लागतात. त्यांत चॅसी नंबर असतो, विकणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता असतो. बॅटरीत किती जीव उरलाय हा रकाना नाही. तो घाला, आकडा गाडीच्याच सॉफ्टवेअरमधून काढून कंपनीच्या सहीने द्यायची सक्ती करा आणि उरलेली वॉरंटी आपोआप नव्या मालकाच्या नावावर होईल असा नियम करा. एवढं झालं तर लोह्याच्या आठवडी बाजारात पाच वर्षांची विजेची स्कूटर विकायला उभी राहील, आणि तिचा भाव कुणीतरी पाडून मागेल.